कान ठणकतो, पण गोळी पोटाला सोसत नाही: मग उपचार कसा घ्यायचा

पावसाळा लागला की आणि पुन्हा कापूस वेचणीच्या थंडीत, विदर्भातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत दोन तक्रारी हमखास ऐकू येतात. "रात्रभर कान ठणकला" ही पहिली. "त्या मोठ्या गोळ्या नका देऊ, उष्ण पडतात, ढाळ लागतात" ही दुसरी. दोन्ही खऱ्या असतात. अडचण अशी की दुसरीमुळे पहिलीचा उपचार अर्धवट राहतो. तिसऱ्या दिवशी गोळ्या बंद होतात, उरलेली पट्टी फळीवरच्या डब्यात जाते, आणि महिन्याभरात तोच कान पुन्हा वाहू लागतो.

पोट सांभाळायचं निम्मं काम गोळी हातात पडायच्या आधीच होतं. पोटात घ्यायचं अँटिबायोटिक या कानाला लागतंय का, हे आधी ठरलं पाहिजे. लागत असेल तर कोणतं आणि किती, हे त्यानंतर. गोळी जेवणासोबत घ्यावी की उपाशीपोटी हा प्रश्न शेवटचा आहे, लोक मात्र त्यापासूनच सुरुवात करतात.

आधी ओळखा: कानाचा कोणता भाग दुखतोय

मधल्या कानाचा संसर्ग बहुधा सर्दीच्या पाठीवर येतो. लहान मुलांत नाकामागून कानाकडे जाणारी नळी आखूड आणि आडवी असते, त्यामुळे नाकातली घाण सहज वर चढते. बाळ रात्री किंचाळत उठतं, कान ओढतं, अंगात ताप असतो. कानाची पाळी हलवली तर दुखणं वाढत नाही, ही खूण लक्षात ठेवा. कधी पडदा फुटून पू बाहेर येतो आणि दुखणं एकदम ओसरतं. घरचे म्हणतात, "बरं झालं, फुटला एकदाचा." दाब कमी झालेला असतो, संसर्ग तिथेच असतो. पोटातल्या अँटिबायोटिकची खरी जागा या आजारात आहे.

बाहेरच्या कानाचा संसर्ग वेगळा. तलावात किंवा विहिरीत पोहणं, कानात काडी, हेअरपिन किंवा गाडीची किल्ली फिरवणं, ही त्याची कारणं. कानापुढचा छोटा उंचवटा दाबला किंवा पाळी ओढली की जीव जातो. याला बहुतेक वेळा थेंबच पुरतात. थेंबांतून औषध जागेवर जितकं दाट पोहोचतं तितकं गोळीने कधीच पोहोचत नाही, आणि पोटाला कळतही नाही.

बुरशी पावसाळ्यात आणि कानात तेल घालणाऱ्यांत जास्त. दुखण्यापेक्षा खाज, कानाला दडा, आतून ओल्या कागदाच्या लगद्यासारखी घाण, कधी त्यावर काळे ठिपके. इथे अँटिबायोटिकने काम बिघडतं, कारण जिवाणू मेले की बुरशीला रान मोकळं मिळतं. कान साफ करून क्लोट्रिमॅझोलसारखे बुरशीवरचे थेंब हा याचा उपचार.

दोन आठवड्यांहून जास्त वाहणारा, पण न दुखणारा कान म्हणजे जुना आजार. पडद्याला भोक असतं. अशा लोकांचं पोट विनाकारण सगळ्यात जास्त बिघडतं, कारण दरवेळी कान वाहिला की पाच दिवसांचा गोळ्यांचा कोर्स होतो. कान तात्पुरता सुकतो किंवा तोही सुकत नाही. याला हवं कान कोरडा करणं आणि थेंब. त्याची रीत खाली दिली आहे.

आणि कधी कान दुखतो, पण दोष कानात नसतो. किडलेली दाढ, सुजलेला टॉन्सिल, जबड्याचा सांधा, यांची कळ कानात जाते. आपल्याकडे खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) खाणाऱ्या मोठ्या माणसाचा एकच कान आठवडेच्या आठवडे दुखत असेल आणि कान आतून साफ दिसत असेल, तर गोळ्या बदलत बसू नका. जिभेची मागची बाजू आणि घसा तपासून घ्या. तिथल्या कर्करोगाची पहिली तक्रार कधी कधी कानदुखी असते.

यांतलं काय आहे हे कानात दिव्याच्या यंत्राने पडदा पाहिल्याशिवाय पक्कं कळत नाही. म्हणून तपासायला गेल्यावर "कानाचा पडदा बघता का?" एवढं स्पष्ट विचारा. कान न बघता दिलेली चिठ्ठी हा अंदाज असतो, आणि अंदाजाची किंमत पोटाला मोजावी लागते.

लगेच सुरू करायचं की दोन दिवस थांबायचं

मधल्या कानाचा साधा संसर्ग बऱ्याच मुलांत आपोआप बरा होतो. मूल दोन वर्षांच्या वरचं असेल, दुखणं सोसण्यासारखं असेल, ताप १०२ फॅरनहाइटच्या आत असेल आणि कान वाहत नसेल, तर डॉक्टर ४८ ते ७२ तास फक्त दुखण्याचं औषध देऊन वाट पाहू शकतात. सहा महिन्यांच्या आतलं बाळ, कानातून पू, दोन वर्षांच्या आत दोन्ही कानांत संसर्ग, किंवा जोराचा ताप आणि दुखणं असेल तर थांबायचं नाही.

या थांबण्याला गावाकडे एक अट आहे: दोन दिवसांनी परत येता आलं पाहिजे. मेळघाटातल्या किंवा भामरागडकडच्या गावातून पावसात नाला ओलांडून यायचं असेल तर डॉक्टर पहिल्याच दिवशी औषध सुरू करतील, आणि ते बरोबरच आहे. परत येणं नक्की नसेल तर तसं आधीच सांगा, लाजू नका.

पहिलं काम: दुखणं थांबवा

अँटिबायोटिक पहिल्या २४ तासांत कानाचं दुखणं कमी करत नाही. त्यामुळे "गोळी दिली तरी रात्रभर रडला, औषध लागू पडलं नाही" असं म्हणून दुसऱ्या दिवशी औषध बदलण्यात अर्थ नाही. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल द्या. नाजूक पोटाला ते सगळ्यात सौम्य.

मात्रा वजनावर: एका वेळी किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, दोन मात्रांत निदान ६ तासांचं अंतर, दिवसात चारपेक्षा जास्त नाही. १० किलोच्या मुलाला १५० मिलिग्रॅम. बाटलीवर ५ मिलिलिटरमध्ये १२५ लिहिलं असेल तर ६ मिलिलिटर, २५० लिहिलं असेल तर ३ मिलिलिटर. तान्ह्या बाळांच्या ड्रॉपरच्या बाटलीत एका मिलिलिटरमध्येच १०० मिलिग्रॅम असतं. ती सिरप समजून चमचाभर पाजली तर या मुलाच्या पोटात तिपटीहून जास्त औषध जातं. बाटलीवरचा आकडा वाचूनच मोजा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप असेल तर घरी औषध न देता थेट दवाखाना.

आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक ही औषधं पित्त किंवा अल्सरवाल्याने टाळावीत. दुकानातून मिळणाऱ्या "कॉम्बिनेशन" गोळीत यांतलं एखादं असतंच, आणि पोटात आग पडल्यावर दोष अँटिबायोटिकवर जातो.

कोणतं औषध पोटाला किती जड

मधल्या कानासाठी पहिलं औषध साधं अमॉक्सिसिलिन. ते जुनं आणि स्वस्त आहे, सरकारी दवाखान्यात मिळतं आणि पोटाला बऱ्यापैकी सोसतं. मुलांसाठी मात्रा दिवसाला किलोमागे साधारण ८० मिलिग्रॅम, दोन वेळांत विभागून. १२ किलोच्या मुलाला दिवसाला ९६० मिलिग्रॅम, म्हणजे २५० मिलिग्रॅमच्या पाण्यात विरघळणाऱ्या २ गोळ्या सकाळी आणि २ संध्याकाळी. "एवढ्या गोळ्या?" म्हणून आई एकच देते. अर्ध्या मात्रेने कान तर बरा होत नाहीच, पोट मात्र तेवढंच बिघडू शकतं.

त्याच्या पुढची पायरी अमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्हुलॅनिक ॲसिडची जोडी, लोकांच्या तोंडी असलेली "६२५ ची गोळी". ढाळ लावणारी ती हीच. दोष मुख्यतः क्लॅव्हुलॅनिक ॲसिडचा, आणि ते जितकं जास्त तितकं पोट जास्त बिघडतं. ही एक गोष्ट कळली की बरेच घोटाळे टळतात. ६२५ च्या गोळीत ५०० अमॉक्सिसिलिन आणि १२५ क्लॅव्हुलॅनिक ॲसिड असतं. ३७५ च्या गोळीत २५० आणि १२५. दुकानात ६२५ नाही म्हणून ३७५ च्या दोन गोळ्या एकदम घेतल्या, तर अमॉक्सिसिलिन तेवढंच मिळतं, पण क्लॅव्हुलॅनिक ॲसिड दुप्पट, २५०. मग दिवसभर शेताच्या बांधाआड पळावं लागतं. अदलाबदल करू नका.

मुलांच्या सिरपमध्येही तेच. ५ मिलिलिटरमध्ये ४०० अधिक ५७ असलेली बाटली कानाच्या मोठ्या मात्रेत द्यायची तर क्लॅव्हुलॅनिक ॲसिड जरा जास्त जातं. ५ मिलिलिटरमध्ये ६०० अधिक ४२.९ असलेली बाटली मिळते. ती खास मोठ्या मात्रेसाठीच बनवलेली आहे आणि पोटाला त्यामानाने हलकी पडते. मुलाला आधी ढाळ लागले असतील तर डॉक्टरांना हे विचारण्यासारखं आहे. दोन्ही बाटल्यांची मात्रा वेगळी असते, म्हणून दुकानदाराने "हीच आहे, तेच औषध" म्हटलं तरी मात्रा पुन्हा विचारल्याशिवाय पाजू नका.

अझिथ्रोमायसिन "तीन दिवसांत काम फत्ते" म्हणून लोकप्रिय आहे. कानाच्या जंतूंवर मात्र ते भरवशाचं राहिलेलं नाही, आणि ते आतड्याच्या हालचालींना चालना देतं, त्यामुळे पोटात मुरडा येतो. पेनिसिलिनची (अमॉक्सिसिलिन त्याच गटातलं) खरी ॲलर्जी असलेल्यांसाठी ते राखून ठेवावं. खरी ॲलर्जी म्हणजे अंगावर गांध्या, ओठ-चेहऱ्याला सूज, दम लागणं. ढाळ लागणं ही ॲलर्जी नाही. "मला पेनिसिलिन चालत नाही" असं सांगताना नेमकं काय झालं होतं ते सांगा, नाहीतर चांगलं औषध कायमचं बाद होतं.

सेफ्युरोक्झिम आणि सेफपोडॉक्झिम या दुसऱ्या अँटिबायोटिकच्या गोळ्या अन्नासोबत घेतल्या तरच नीट शोषल्या जातात. यांच्यासोबत पित्ताची गोळी घेतली तर त्यांचं शोषण घटतं. आणि नेमकी पित्ताची गोळीच आपल्याकडे प्रत्येक चिठ्ठीत जोडीला असते! पॅन्टोप्राझोल किंवा ओमेप्राझोलने अँटिबायोटिकचे ढाळ थांबत नाहीत. अल्सरसाठी ती आधीपासून चालू असेल तर बंद करू नका, फक्त डॉक्टरांना सांगा. नसेल तर नव्याने मागू नका.

सिप्रोफ्लॉक्सासिन, ओफ्लॉक्सासिन ही अँटिबायोटिक पोटातून घ्यायची वेळ कानासाठी क्वचितच येते, मुलांत तर टाळतातच. दिलीच तर दूध, दही, ताक, लोहाच्या गोळ्या, कॅल्शियम, झिंक यांच्यासोबत घेऊ नका. ते औषधाला आतड्यातच धरून ठेवतात. गोळी यांच्या २ तास आधी किंवा ६ तास नंतर घ्या. अमॉक्सिसिलिनला ही अडचण नाही, ते दुधासोबतही चालतं. "अँटिबायोटिक दुधासोबतच घ्यावं" आणि "दुधासोबत कधीच घेऊ नये" हे दोन्ही सल्ले म्हणूनच अर्धवट आहेत.

बाटली कशी तयार करायची, उन्हाळ्यात कुठे ठेवायची

मुलांचं सिरप कोरड्या पावडरच्या रूपात मिळतं. पाणी उकळून पूर्ण गार करा. बाटली आपटून पावडर मोकळी करा. खुणेच्या निम्म्यापर्यंत पाणी घालून जोरात हलवा, मग फेस खाली बसू द्या आणि बाणाच्या खुणेपर्यंत उरलेलं पाणी घाला. फेसासकट खूण गाठली तर पाणी कमी पडतं आणि औषध दाट होतं. प्रत्येक वेळी पाजण्याआधी हलवा. न हलवता पाजलं तर सुरुवातीचे दिवस पांचट आणि शेवटचे दिवस जहाल, आणि ढाळ नेमके शेवटच्या दिवसांत लागतात. मोजायला सोबतचं झाकण किंवा बिनसुईची सिरिंज वापरा. घरातला चमचा प्रत्येक घरात वेगळा असतो.

क्लॅव्हुलॅनिक ॲसिडवालं सिरप एकदा पाणी घातलं की फ्रीजमध्येच ठेवावं लागतं आणि ७ दिवसांनी फेकावं लागतं. चंद्रपूर-अकोल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि लाईट दुपारीच जाते. माठाशेजारी ओल्या फडक्यात ठेवलेली बाटली उन्हातल्या फळीपेक्षा बरी, पण माठ म्हणजे फ्रीज नव्हे. घरी फ्रीज नसेल तर चिठ्ठी लिहितानाच पाण्यात विरघळणाऱ्या गोळ्या मागा. पट्टीतल्या गोळीला फ्रीज लागत नाही, दरवेळी ताजी विरघळवायची.

आणखी एक हिशेब. १० किलोच्या मुलाला ४०० अधिक ५७ वालं सिरप ५ मिलिलिटर दोनदा द्यायचं म्हटलं तर दिवसाला १० मिलिलिटर. ३० मिलिलिटरची बाटली तिसऱ्या दिवशी संपते. बाटली संपली म्हणजे कोर्स संपला, असा समज सर्रास आहे. दोन वर्षांच्या आत साधारण १० दिवस, त्यापुढे ५ ते ७ दिवस, असं डॉक्टर सांगतात. सरकारी दवाखान्यात ५ दिवसांचाही देतात. दिवस किती ते विचारा आणि तेवढ्या बाटल्या एकदम घ्या. दुसरीत पाणी मात्र पहिली संपल्यावरच घाला.

घास आणि गोळी: दिवसाचं वेळापत्रक

दोन वेळची गोळी म्हणजे १२ तासांचं अंतर. सकाळी ७ आणि संध्याकाळी ७ धरा. अडचण शेतमजुराची असते. सकाळी ६ ला काळा चहा पिऊन फवारणीला निघायचं आणि पहिला घास १० ला. चहावर घेतलेली ६२५ तासाभरात मळमळ आणते, त्यात डोक्यावर ऊन आणि नाकात फवारणीचा वास. गोळी शिदोरीसोबत न्या आणि न्याहारी कराल तेव्हा घ्या. त्या हिशेबाने रात्रीची जेवणासोबत १० ला. अंतर तासभर इकडेतिकडे झालं तर बिघडत नाही, उपाशीपोटी घेतली तर बिघडतं.

क्लॅव्हुलॅनिक ॲसिडची गोळी जेवण संपल्यावर न घेता जेवणाच्या सुरुवातीलाच, दोन घास झाल्यावर घ्यायची. तेव्हा ती नीट शोषली जाते आणि पोटात कमी टोचते. वर पेलाभर पाणी. गोळी घेऊन लगेच आडवं होऊ नका.

त्या पाच-सात दिवसांत जेवण साधं ठेवा: मऊ भात, मुगाचं वरण, ज्वारीच्या कण्या, ताकातलं आंबील, केळं, भाकर-पिठलं पण तेल कमी. तर्री पोहे, सावजी रस्सा, मिरचीचा ठेचा यांना आठवडाभर सुट्टी. एरवी पचतात म्हणून आताही पचतील असं नाही, कारण पचनाला हातभार लावणारे आतड्यातले चांगले जिवाणू औषधाने कमी झालेले असतात. दारू नको. चिठ्ठीत मेट्रोनिडॅझोल हे अँटिबायोटिक असेल तर मोहाची असो की दुकानातली, तिच्या थेंबानेही उलट्यांचा धोका.

ताजं ताक अमॉक्सिसिलिनसोबत खुशाल चालतं. दुकानातल्या प्रोबायोटिकमध्ये (आतड्याला उपयोगी सूक्ष्मजीवांच्या पुड्या) सॅक्रोमायसिस बोलार्डी ही यीस्ट असेल तर ती अँटिबायोटिकने मरत नाही. लॅक्टोबॅसिलस या जिवाणूंच्या पुड्या मात्र गोळीपासून २ तास दूर ठेवा. ज्याला दरवेळी ढाळ लागतात त्याने पहिल्या दिवसापासून सुरू केलं तर उपयोग होण्याची शक्यता जास्त, ढाळ लागल्यावर कमी. ज्यांची प्रतिकारशक्ती फार खालावली आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

तरीही पोट बिघडलं तर

उलटी झाली तर घड्याळ बघा. गोळी घेऊन अर्धा तास व्हायच्या आत झाली तर तीच मात्रा एकदा पुन्हा द्या, पोट जरा शांत झाल्यावर. त्यानंतर झाली तर पुन्हा देऊ नका, पुढची वेळ पाळा. दरवेळी उलटी होत असेल तर घरी झगडत बसू नका. अशा मुलाला सेफ्ट्रियाक्सोनचं इंजेक्शन १ ते ३ दिवस देऊन काम भागतं, ते दवाखान्यात. गावातल्या बोगस डॉक्टरची "कानाची सुई" कधी कधी अमिकॅसिन किंवा जेंटामायसिन असते, आणि ही औषधं खुद्द कानाच्या नसेला घातक आहेत.

दिवसातून दोन-तीनदा पातळ शौच, पोटात गुडगुड, पण मूल खेळतंय आणि लघवी होतेय: औषध चालू ठेवा. ओआरएस द्या. मोठी पुडी १ लिटर पाण्यासाठी, छोटी ४ ग्रॅमच्या आसपासची २०० मिलिलिटरसाठी. मोठी पुडी पेल्यात घोळली तर मीठ इतकं चढतं की ढाळ वाढतात. प्रत्येक शौचानंतर दोन वर्षांच्या आत ५० ते १०० मिलिलिटर, वर १०० ते २००, घोट घोट. केलेलं पाणी २४ तासांनी फेका. ओआरएस आणि झिंक आशाताईंकडे मिळतं. झिंक रोज २० मिलिग्रॅम, १४ दिवस, सहा महिन्यांच्या आत १० मिलिग्रॅम. ढाळ बांधणारी लोपेरामाइडची गोळी मुलांना कधीच नाही, आणि अँटिबायोटिकच्या ढाळांत मोठ्यांनीही स्वतःहून घेऊ नये.

शौचात रक्त, पाण्यासारखे सहा-सात जुलाब, पोट फुगून दुखणं, डोळे खोल जाणं, लघवी बंद: औषध थांबवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. जोराचे जुलाब कोर्स संपल्यावर काही आठवड्यांनीही लागू शकतात, तेव्हा "मागे अमुक गोळ्या घेतल्या होत्या" हे आवर्जून सांगा.

थेंब आणि वात

वाहत्या कानात थेंब टाकण्याआधी कान कोरडा करा, नाहीतर थेंब पुवावर तरंगतात. इथे कापसाच्या मुलखात एक गंमत आहे. शेतातला कापूस पाणी शोषतच नाही. त्याच्या धाग्यावर नैसर्गिक मेणाचा थर असतो, शिवाय त्यात काडी-कचरा. मेडिकलमधला शोषक कापूस किंवा स्वच्छ धुतलेलं मऊ सुती कापड घ्या. वळून वात करा, टोकाला काडी नको. हलकेच आत सरकवा, ओली झाली की काढा, नवी घाला, कोरडी निघेपर्यंत. दिवसातून तीनदा.

मग बाटली मुठीत दोन-तीन मिनिटं धरून कोमट करा. गार थेंबांनी गरगरतं, आणि गरगरलं की उलटी होते. ती पोटाची उलटी नसते. कुशीवर झोपा, मोठ्यांची पाळी वर-मागे, तीन वर्षांच्या आतल्या मुलाची खाली-मागे ओढा. सांगितलेले थेंब टाकून कानापुढचा उंचवटा चार-पाच वेळा दाबा आणि पाच मिनिटं तसंच पडून राहा. घशात कडू लागलं तर पडद्याला भोक आहे असं समजा. अशा कानात सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा ओफ्लॉक्सासिनचे थेंब चालतात, जेंटामायसिन किंवा नियोमायसिनचे टाळा. जुन्या वाहत्या कानाला हे साधारण दोन आठवडे करावं लागतं. आंघोळीला व्हॅसलीन लावलेला कापसाचा बोळा, आणि तलावात डुबकी बंद.

गरम तेल, लसणाचं तेल, माक्याचा रस, आईचं दूध, यांपैकी काहीही कानात नको. मुलाने तुरीचा किंवा हरभऱ्याचा दाणा घातला असेल तर पाण्याचा थेंबही नको, दाणा फुगून घट्ट बसतो.

ज्यांनी जास्त जपायचं

सिकलसेल या आनुवंशिक रक्ताच्या आजाराचं मूल. पूर्व विदर्भात आणि गडचिरोली पट्ट्यात अशी कुटुंबं बरीच आहेत. ढाळांनी अंगातलं पाणी कमी झालं की रक्तपेशी विळ्यासारख्या होऊन अडकतात आणि हाडं दुखण्याचा झटका येतो. अशा मुलाला पहिल्या पातळ शौचापासूनच ओआरएस, आणि ताप आला तर कानाचाच असेल म्हणून घरी थांबायचं नाही.

शुगरचे रुग्ण. मेटफॉर्मिननेही शौच पातळ होते, त्यात ६२५ आली की दोन्ही मिळून दमवतात. स्वतःहून कोणतीच बंद करू नका, डॉक्टर मात्रा बदलतील. वयस्क शुगरवाल्याचा कान रात्री झोप उडेल इतका दुखत असेल आणि थेंबांनी उतरत नसेल, तर संसर्ग कवटीच्या हाडात शिरलेला असू शकतो. त्याला मोठं रुग्णालयच लागतं. गरोदर बाईला अमॉक्सिसिलिन चालतं, सिप्रोफ्लॉक्सासिन आणि डॉक्सिसायक्लिन नाही.

१०८ ला फोन कधी करायचा

कानामागे लाल सूज येऊन पाळी पुढे ढकलली जाणं, तोंड एका बाजूला वाकडं होणं, उभं राहता न येण्याइतकी गरगर, मान ताठ, फिट येणं, किंवा मूल सुस्त पडून दूध न पिणं. ग्रामीण रुग्णालयात कान-नाक-घशाचे डॉक्टर नसतील तर जिल्ह्याला, नाहीतर नागपूर, यवतमाळचं वैद्यकीय महाविद्यालय किंवा सेवाग्राम. जाताना औषधाच्या पट्ट्या आणि बाटल्या सोबत न्या. नावं आठवत बसण्यापेक्षा ते बरं.

औषध सुरू करून ४८ ते ७२ तासांत ताप-दुखणं उतरलं नाही तरी परत दाखवा. बरं वाटलं तरी मुलाचा कान साधारण दोन-तीन आठवड्यांनी बघून घ्यावा. पडद्यामागे पाणी काही आठवडे, कधी तीन महिन्यांपर्यंत राहतं. त्या काळात मुलाला कमी ऐकू येतं, गुरुजींना ते दुर्लक्ष वाटतं. या पाण्यासाठी पुन्हा अँटिबायोटिक लागत नाही. शाळेत पहिल्या बाकावर बसवा, गुरुजींना कारण सांगा, आणि तीन महिन्यांनंतरही ऐकू कमी येत असेल तर ऐकण्याची तपासणी करून घ्या.